कॉलेजच्या खात्याला टू-स्टेप लावायचंय: मेसेज, ॲप की सिक्युरिटी की? (नागपूर)

अंबाझरीकाठ · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेचा परवा मेल आला. महिनाअखेरपर्यंत सगळ्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर ओळखीचा आणखी एक टप्पा) लावायचं, नाहीतर पुढच्या एक तारखेपासून लॉगिन होणार नाही.

मी पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला आहे आणि माझं सगळं त्या एकाच खात्यात आहे. गाइडशी झालेला पत्रव्यवहार, ड्राइव्हवर ठेवलेली मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज, लायब्ररीचं घरून लॉगिन, फेलोशिपचे कागद, सगळं. त्यामुळे कुठेतरी टिक करून मोकळं व्हायला मन धजत नाही.

पानावर चार पर्याय दिसतात: मोबाइलवर मेसेज, ऑथेंटिकेटर ॲप, फोनवर येणारी मंजुरीची सूचना आणि सिक्युरिटी की (यूएसबीत लावायची छोटी चावी). माझी अडचण अशी की मी फील्डवर्कसाठी भामरागड तालुक्यात दहा-बारा दिवस राहते. तिथल्या काही गावांत मोबाइलला रेंजच नसते. संध्याकाळी तालुक्याच्या ठिकाणी कुणाचं वायफाय मिळालं तर तेवढ्यात मेल बघायचा, रेकॉर्डिंग चढवायचं. दुसरं म्हणजे फोन चार वर्षांचा झालाय. मागच्या मे महिन्यात गाडीवरून येताना एवढा तापला की बंदच पडला, बॅटरी बदलावी लागली. उद्या तो कायमचा गेला तर मी खात्याबाहेर अडकणार का?

बॅचमधल्या बहुतेकांनी मेसेज निवडलाय. तुम्ही काय केलंत ते कारणासकट सांगा, प्लीज.

धरमपेठकर · सोमवार, रात्री १०.०५

मेसेज लावा. बँकेचा ओटीपी येतो तसाच हा येतो, नवीन काही शिकायला नको. मी दोन वर्षं तेच वापरतो, अडचण आली नाही.

सिस्टमभाऊ · सोमवार, रात्री ११.२०

धरमपेठकर सर, नागपूर शहरात रोज रेंजमध्ये असणाऱ्याला मेसेज चालून जातो हे खरं. काहीच न लावण्यापेक्षा तो कितीतरी बरा. पण ताईंनी भामरागड म्हटलं, तिथेच तो पर्याय बाद झाला. मेसेज सहसा मोबाइलच्या टॉवरवरूनच येतो, नुसत्या वायफायवर तो येईलच याची खात्री नाही.

मी एका कॉलेजात सिस्टम सांभाळतो, हे रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑथेंटिकेटर ॲपला कोड दाखवायला नेटवर्क लागतच नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पहिल्या दिवशी जो क्यूआर कोड स्कॅन करता, त्यात एक गुप्त चावी असते. ती तुमच्या फोनमध्ये बसते, तीच सर्व्हरकडेही असते. मग दोघंही आपापल्या जागी ती चावी आणि घड्याळातली वेळ यांचं गणित करतात. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते मोजायचं, त्याचे ३०-३० सेकंदांचे तुकडे पाडायचे आणि त्या तुकड्याचा सहा आकडी कोड काढायचा. पद्धत सगळ्यांसाठी खुली आहे, २०११ पासून प्रमाणित आहे, म्हणून कुठल्याही कंपनीचं ॲप चालतं. फोन एअरप्लेन मोडवर टाकून बघा ताई, कोड बदलत राहतील. तुमच्या गावात लॅपटॉपला दहा मिनिटं वायफाय मिळालं की काम होईल.

आता मेसेजबद्दल. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फोन नेटवर्कवरून येणारा कोड 'निर्बंधित' प्रकारात टाकला. कारण कोड तुमच्या हातातल्या यंत्राला बांधलेला नसतो, नंबरला बांधलेला असतो. खोटी कागदपत्रं देऊन तुमच्या नंबरचं दुसरं सिम कुणी काढलं की कोड त्याच्या फोनवर.

आणि मंजुरीच्या सूचनेबद्दल एकच सांगतो. आपण लॉगिन करत नसताना ती आली, तर त्याचा अर्थ पासवर्ड कुणाला तरी कळलाय. रात्री दोनला दहा वेळा वाजते आणि माणूस झोपेत वैतागून मंजूर करून टाकतो. असे हल्ले इतके वाढले की मायक्रोसॉफ्टनं मे २०२३ पासून आपल्या ॲपमध्ये पडद्यावरचा आकडा फोनवर टाकणं सक्तीचं केलं. तुमच्या संस्थेत नुसतं बटण असेल तर मी ॲपचा कोडच घ्या म्हणेन. अशी सूचना आली तर नाकारा आणि त्याच क्षणी पासवर्ड बदला.

विभागातली_मॅडम · मंगळवार, सकाळी ७.१५

मेसेजवर माझा जो अनुभव आहे तो लिहिते, कारण त्याचा त्रास माझ्या मुलांना झाला.

दोन वर्षांपूर्वी अंतर्गत गुण भरायची शेवटची तारीख होती. आदल्या दिवशी इतवारीत गर्दीत माझा फोन गेला. मी लगेच दुकानात जाऊन त्याच नंबरचं सिम काढलं, जुना फोन कपाटात होता त्यात टाकलं. वाटलं, निभावलं. पण कोड येईचना. चौकशी केली तेव्हा कळलं की नवीन सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास मेसेज बंद असतात. नियम दूरसंचार खात्याचाच आहे, आणि योग्यच आहे. चोरानं माझ्या नावानं सिम काढलं असतं तर याच नियमानं मला एक दिवस मिळाला असता. पण त्या दिवशी एकसष्ट मुलांचे गुण माझ्या खात्याच्या आत आणि मी बाहेर. दुसरा कुठलाही मार्ग मी लावून ठेवला नव्हता.

मुदत वाढवून मिळाली म्हणून वाचले. त्यानंतर ॲप घेतलं आणि बॅकअप कोड, म्हणजे फोन नसताना वापरायचे आधी काढून ठेवलेले कोड, छापून घेतले. अंबाझरीकाठ, तू कुठलीही पद्धत घे, पण दुसरा मार्ग त्याच बैठकीत लाव. 'नंतर करू' म्हटलं की ते फोन हरवल्यावरच आठवतं.

बर्डीवाला · मंगळवार, सकाळी ११.५०

माझं बर्डीत मोबाइल रिपेअरिंगचं काउंटर आहे. कॉलेजची पोरं-पोरी रोज येऊन राहिले या गोष्टीसाठी, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, जुना फोन एक्सचेंजमध्ये द्यायच्या आधी ॲपमधली खाती नवीन फोनमध्ये घ्या. लोक फोटो घेतात, व्हॉट्सॲप घेतात, अन् ऑथेंटिकेटर विसरून जातात. फोन फॉरमॅट झाला की आम्ही काहीच करू शकत नाही, कितीही पैसे दिले तरी. गूगलच्या ॲपमध्ये 'खाती ट्रान्सफर करा' असं आहे, जुन्यात क्यूआर काढा, नवीन फोननं स्कॅन करा, दोन मिनिटांचं काम. मायक्रोसॉफ्टच्या ॲपचा बॅकअप असला तरी कॉलेजचं खातं तसंच चालू होत नाही. नाव दिसते, पण पुन्हा लॉगिन करून ते नव्यानं जोडावं लागते. आणि आयफोनवरचा बॅकअप अँड्रॉइडवर येत नाही. म्हणून नवीन जोडून, चालते का ते बघून, मगच जुना फोन द्या.

दुसरी गोष्ट, 'कोड चुकीचा' म्हणून रडकुंडीला येतात आणि ॲपमध्ये काहीच बिघाड नसतो. घड्याळ पुढं-मागं असते. गेमसाठी नाहीतर कशासाठी तरी तारीख हातानं बदललेली असते. सेटिंगमध्ये वेळ ऑटोमॅटिक करा, झालं. मागच्या हप्त्यात एका मुलीचं परीक्षेच्या फॉर्मचं काम यानंच अडलं होतं.

तिसरी, बाप्पा, त्या क्यूआरचा स्क्रीनशॉट गॅलरीत ठेवू नका. फोन दुरुस्तीले देता तेव्हा गॅलरी उघडी असते. आम्ही बघत नाही, पण सगळेच काउंटर सारखे नसतात.

सिस्टमभाऊ · मंगळवार, दुपारी १.३०

बर्डीवाले दादा, एकदम नेमकं. घड्याळाबद्दल एक जोड: सर्व्हर साधारण एखादा तुकडा मागचा-पुढचा चालवून घेतो, त्यामुळे दहा-वीस सेकंदांनी बिघडत नाही. मिनिटांचा फरक पडला की कोड नाकारला जातो.

स्क्रीनशॉटच्या बाबतीतही तसंच. त्या चित्रात गुप्त चावीच असते. ते ज्याच्याकडे, त्याच्याकडे तुमचे पुढचे सगळे कोड.

हॉस्टेल_खोली_१४ · मंगळवार, संध्याकाळी ६.२५

मला विचारायचं होतं. ॲप लावलं तरी खातं जाऊ शकतं का? कारण माझ्या रूममेटचं गेलं.

त्याला मेल आला की तुमचा मेलबॉक्स भरला आहे, चोवीस तासांत बंद होईल. लिंक उघडली तर आमच्या लॉगिनसारखंच पान, लोगोसकट. त्यानं पासवर्ड टाकला, पान म्हणालं कोड टाका, त्यानं ॲपमधला कोड टाकला. अर्ध्या तासात त्याच्या नावानं अख्ख्या बॅचला तसाच मेल गेला. तो सगळ्यांना फोन करकरून सांगत होता की उघडू नका. त्याला फार वाईट वाटलं, कारण दोघांनी त्याचं नाव बघून विश्वासानं उघडलाच. त्याचं म्हणणं असं की टू-स्टेपचा उपयोगच नाही.

सिस्टमभाऊ · मंगळवार, रात्री ९.१०

उपयोग आहे, पण कशापासून वाचतो ते नीट समजून घ्यायला हवं. तुमच्या रूममेटला सांगा, यात त्याचा मूर्खपणा नाही. ती पानं मधल्या दलालासारखी काम करतात. तुम्ही इकडे कोड टाकलात की ती त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकतात. कोड ३० सेकंद जिवंत असतो आणि त्यांना दोन सेकंद पुरतात. मेसेज असो की ॲप, माणसानं वाचून टाइप करायचा कोड या फसवणुकीत जातो. चोरलेला पासवर्ड दुसरीकडून वापरणं, जुन्या गळतीतला पासवर्ड चालवून बघणं, हे मात्र तो थांबवतो. बहुतेक खाती जातात ती तशीच.

मधल्या दलालावर आजचा उपाय म्हणजे सिक्युरिटी की किंवा पासकी, म्हणजे फोनमध्येच बसणारी तशीच चावी. त्यात कोड नसतोच. नोंदणी करताना चावी त्या साइटच्या पत्त्याला बांधली जाते. नंतर लॉगिनच्या वेळी ब्राउझर स्वतः पत्ता तपासतो. पान कितीही हुबेहूब असलं तरी पत्ता वेगळा, मग चावी उत्तरच देत नाही. माणसाचा डोळा फसला तरी ती फसत नाही. हे वेबऑथन नावाचं प्रमाण २०१९ मध्ये आलं, आणि पासकी म्हणून फोनमध्ये २०२२ नंतर रुळलं. अँड्रॉइड ९ किंवा आयफोनवर आयओएस १६ असेल तर फोनच सिक्युरिटी कीसारखा वापरता येतो. फक्त संस्थेनं तो पर्याय उघडलेला हवा.

एक अडचण आधीच सांगतो. फोनमधली पासकी वापरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचं तर क्यूआर स्कॅन करावा लागतो आणि दोन्ही यंत्रांचं ब्लूटूथ चालू लागतं. फोन खरंच शेजारी आहे याची खात्री त्यानंच होते. आपल्या कॉलेजांच्या लॅबमधल्या जुन्या डेस्कटॉपना ब्लूटूथ नसतं. तिथे यूएसबीत लावायची की कामाची. पण घ्यायची तर दोन घ्या, एक घरी ठेवायला, आणि दोन्हींचे मिळून काही हजार रुपये जातात. विद्यार्थ्यानं तो खर्च करावा असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या हातात इतरांची खाती आहेत, गुणांची किंवा पैशांची नोंद आहे, त्यांना संस्थेनं आपल्या पैशांतून द्याव्यात हे माझं ठाम मत आहे.

पांढरी_काठी · बुधवार, सकाळी ८.४०

एक बाजू राहतेय. मी अंध विद्यार्थी आहे, पडद्यावरचं वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर, फोनवर टॉकबॅक आणि लॅपटॉपवर एनव्हीडीए, वापरतो. ॲपचा कोड मला वाचून ऐकावा लागतो, लक्षात ठेवावा लागतो, मग लॅपटॉपवर टाकावा लागतो. तेवढ्यात ३० सेकंद संपतात. पहिले काही आठवडे मी एका लॉगिनला चार-चार वेळा प्रयत्न करायचो. लॅबमध्ये कोड मोठ्यानं वाचला गेला तर शेजारचाही ऐकतो, म्हणून एका कानात इअरफोन ठेवायचो.

सिक्युरिटी की मिळाल्यापासून फरक पडला. यूएसबीत लावायची, बोटानं स्पर्श करायचा, झालं. वाचायचं काही नाही, घाई नाही. मला ती एका शिक्षकांनी घेऊन दिली. वेब-सुलभतेच्या २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांत आकडे बघून पुन्हा लिहायला लावणं हा अडथळाच मानलाय आणि दुसरा मार्ग द्यायला सांगितलंय. कुणी सिस्टम विभागात असेल तर माझी विनंती आहे, फक्त एकच पद्धत सक्तीची करू नका.

माझ्यासारख्या ज्या अंध विद्यार्थ्यांना सिक्युरिटी की मिळत नाही, त्यांनी फोनवरच लॉगिन करावं. ॲपमध्ये कोडवर दोनदा टॅप केलं की कॉपी होतो, तो पेस्ट करायचा. आणि नवा कोड सुरू होण्याची वाट बघून कॉपी करायचा, पूर्ण अर्धा मिनिट मिळतो.

सिस्टमभाऊ · बुधवार, सकाळी १०.००

दादा, मनापासून आभार. आमच्याकडे आम्ही मेसेज बंद करून सगळ्यांना फक्त ॲप देणार होतो. आजच्या बैठकीत सिक्युरिटी कीचा पर्याय उघडण्याचा विषय मी मांडतो.

धरमपेठकर · बुधवार, दुपारी १२.१५

वाचून माझं मत बदललं, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण आमच्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. विभागाचं एकच खातं आहे. पासवर्ड विभागप्रमुखांकडे, बाबूंकडे आणि आम्हा दोन तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांकडे. कोड जातो सरांच्या फोनवर. सर वर्गात असले, लग्नाला गेले, दवाखान्यात असले तरी आम्ही फोन करतो, 'सर, ओटीपी सांगा'. दिवसातून तीन-चारदा. सर न विचारता सांगून टाकतात, कारण त्यांना माहीत आहे की आम्हीच आहोत.

विभागातली_मॅडम · बुधवार, दुपारी २.५०

धरमपेठकर सर, हे तर घराघरात, म्हणजे विभागाविभागात आहे. आणि यातलीच सवय मला सगळ्यांत जास्त भीतीची वाटते. फोनवर कोड सांगायची सवय लागलेला माणूस उद्या परका आवाज 'सर, ऑफिसमधून बोलतोय' म्हणाला तरी सांगणार. आमच्या ज्येष्ठ सरांच्या बाबतीत तेवढंच व्हायचं राहिलं होतं. समोरच्यानं बाबूंचं नाव घेतलं, पण आवाज ओळखीचा वाटला नाही म्हणून सरांनी फोन ठेवला.

आणि तासिकेवरच्या लोकांवर यात अन्याय होतो. काम त्यांनी करायचं, नोंद प्रमुखांच्या नावानं व्हायची. एखादा गुण चुकला तर कुणी भरला हे सिद्ध करता येत नाही.

सिस्टमभाऊ · बुधवार, रात्री ८.३०

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. विभागाच्या मेलबॉक्सचा अधिकार प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्याला वाटून देता येतो. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोन्हीकडे ही सोय आहे. मग बाबू आपल्या पासवर्डनं, आपल्या कोडनं येतात आणि विभागाचा मेल बघतात. काम सोडून गेलेल्याचा अधिकार काढला की बाकीच्यांचा पासवर्ड बदलावा लागत नाही. गुण भरायच्या पोर्टलवर वेगळी भूमिका मागा. लेखी अर्ज प्रमुखांच्या सहीनं द्या, तोंडी सांगितलेलं आमच्या यादीत येत नाही.

ते होईपर्यंतची सोय म्हणून, विभागाच्या खात्याचा क्यूआर एकाच वेळी दोघांच्या ॲपमध्ये स्कॅन करता येतो, दोघांना तेच कोड दिसतात. फोनवर सांगण्यापेक्षा ते बरं. पण याला कायमचं करू नका.

वाचनकक्ष · गुरुवार, सकाळी ९.०५

ग्रंथालयात काम करते. दोन गोष्टी, ज्या आमच्या काउंटरवर पुन्हा पुन्हा येतात.

एक, मोबाइल नंबर बदलला की खात्यातला नंबर लगेच बदला. मागच्या वर्षी आमची एक विद्यार्थिनी जर्मनीला गेली, इथलं सिम रिचार्ज केलं नाही, नंबर बंद झाला. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते. तिच्या प्रमाणपत्राचं काम तिकडून करायचं होतं आणि कोड जाणार होता अनोळखी माणसाच्या फोनवर. शेवटी तिचे वडील ओळखपत्र आणि अर्ज घेऊन आले, तेव्हा सुटलं.

दुसरी गोष्ट झेरॉक्सच्या दुकानांची. कॅम्पसजवळ हॉल तिकिटाच्या दिवसांत मुलं दुकानातल्या कॉम्प्युटरवर लॉगिन करतात, कोड टाकतात आणि 'या कॉम्प्युटरवर पुन्हा विचारू नका' ही चौकट टिक केलेली राहते. मग लॉगआउट न करता निघून जातात. त्या दुकानात पुढचा माणूस थेट आत. आपल्या फोनवर पीडीएफ उतरवा आणि फक्त ती फाइल दुकानदाराला पाठवा. आधीच कुठे लॉगिन करून आला असाल तर खात्याच्या सुरक्षा पानावर उघडी यंत्रं दिसतात, तिथून घरबसल्या बाहेर काढता येतं.

हॉस्टेल_खोली_१४ · गुरुवार, सकाळी ११.३०

वाचनकक्ष मॅडम, आत्ता बघितलं. माझ्या खात्यात चार यंत्रं उघडी होती, त्यातलं एक मार्चमधलं झेरॉक्सवाल्याचं. सगळी काढली. रूममेटचंही बघितलं, त्याच्याकडे एक यंत्र अजून आत होतं जे आम्हा दोघांपैकी कुणाचंच नव्हतं. पासवर्ड बदलल्यावर आता ते गेलंय.

सिस्टमभाऊ · गुरुवार, दुपारी १२.१०

त्याच्या मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर आत्ताच तपासा. आत शिरलेला माणूस बऱ्याचदा 'सगळे मेल या पत्त्यावर पाठव' असा नियम लावून जातो, पासवर्ड बदलला तरी तो नियम राहतो. दुसरं ऑथेंटिकेटर किंवा नंबर कुणी जोडलाय का तेही बघा. आणि संस्थेच्या सिस्टम विभागाला लेखी कळवा. यात पैसे गेले असतील तर उशीर न करता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

अंबाझरीकाठ · शुक्रवार, रात्री १०.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज मिळून केलं ते लिहिते.

ॲप लावलं, कोड ऑफलाइन येतात का ते एअरप्लेन मोडवर बघितलं, येतात. त्याच वेळी तोच क्यूआर आईच्या फोनवरही स्कॅन केला. तिचा फोन नागपुरात घरीच असतो, माझा भामरागडात हरवला किंवा बंद पडला तरी ती मला घरून कोड वाचून दाखवेल. बॅकअप कोड काढले. आमचं खातं गूगलचं असल्यामुळे आठ आकड्यांचे दहा मिळाले, प्रत्येक एकदाच चालतो. मेसेजचा पर्याय काढून टाकला.

एक शंका राहिली. ॲपनं 'कोडचा बॅकअप गूगल खात्यात ठेवू का' असं विचारलं आणि समोर माझं संस्थेचंच खातं दाखवलं. ते चालू करू का? आणि कोडांचा कागद फील्डवर जवळ ठेवू की घरी?

सिस्टमभाऊ · शुक्रवार, रात्री १०.५०

ताई, तिथे संस्थेचं खातं अजिबात देऊ नका. त्या खात्याच्या दाराची चावी त्याच खात्याच्या आत ठेवल्यासारखं होईल. फोन गेला की कोडसाठी खातं लागेल आणि खात्यासाठी कोड. शिवाय पीएच.डी. झाल्यावर संस्था ते खातं बंद करेल. बॅकअप ठेवायचाच तर स्वतःच्या वैयक्तिक खात्यात ठेवा आणि त्या खात्यालाही आधी टू-स्टेप लावा. आईंचा फोन आणि कागद दोन्ही असल्यावर तुम्हाला त्याची गरजही नाही.

कागदाच्या दोन प्रती करा. एक घरी कपाटात, दहावी-बारावीच्या मार्कशीटच्या फाइलमध्ये. दुसऱ्या प्रतीवर तीनच कोड लिहा, खात्याचं नाव न लिहिता, आणि फील्डच्या वहीत नको, पाकिटात वेगळे ठेवा. एखादा वापरला की घरच्या प्रतीवरही खोडा.

विभागातली_मॅडम · शनिवार, सकाळी ६.५०

आणि निघायच्या आदल्या दिवशी एक बॅकअप कोड खरोखर वापरून बघ. लॉगआउट करून, दुसऱ्या ब्राउझरमधून. माझ्या पहिल्या कागदावर एक ओळ प्रिंटरनं कापली होती, ते मला सहा महिन्यांनी कळलं.

अंबाझरीकाठ · शनिवार, सकाळी ७.३०

आत्ताच केलं, मॅडम. चाललं. नऊ उरले.